पाचशे गिगावॅट, पण किती वाजता?

११ जानेवारी २०१० रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मोहीम सुरू झाली, तेव्हा तिचे उद्दिष्ट होते २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट सौरवीज. त्या काळी हा आकडा जवळजवळ हास्यास्पद होता. देशात ग्रीडला जोडलेली सौरवीज औषधालाही सापडत नव्हती आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाने तिचा दर ठरवला होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. कोळशाची वीज दोन-तीन रुपयांना मिळत असताना हा सौदा कुठली वितरण कंपनी करणार?

सरकारने त्यावर एक खास भारतीय तोड काढली. एनटीपीसीच्या एका उपकंपनीने महाग सौरवीज विकत घ्यायची, तिच्यात कोळशाची स्वस्त वीज मिसळायची आणि ते मिश्रण राज्यांना पेलेल अशा दराने विकायचे. दुसरी गोष्ट केली ती लिलावाची, तोही उलटा: जो सर्वात कमी दराने वीज देईल, त्याला प्रकल्प. २०१० च्या डिसेंबरात पहिल्या बोली उघडल्या, तेव्हा सर्वात कमी बोली होती १० रुपये ९५ पैसे. पुढच्या वर्षी ७ रुपये ४९ पैसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवा प्रकल्पासाठी पहिल्या वर्षाचा दर आला २ रुपये ९७ पैसे, त्याच वर्षी मे महिन्यात राजस्थानच्या भडला इथे २ रुपये ४४ पैसे, आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका लिलावात १ रुपया ९९ पैसे. दहा वर्षांत दर नवव्या हिश्शावर आला.

याचे श्रेय घेणारे पुष्कळ आहेत. खरे श्रेय आधी चीनमधल्या कारखान्यांचे, कारण जगभर सौरपॅनेल त्यांच्यामुळे स्वस्त झाले. पण दर केवळ पॅनेलवर ठरत नाही. सौर प्रकल्पात इंधन विकत घ्यावे लागत नाही, देखभाल किरकोळ असते, आणि जवळपास सगळा खर्च पहिल्याच वर्षी होतो. म्हणजे पंचवीस वर्षांची वीज आगाऊ पैसे मोजून घेतल्यासारखेच झाले. ते पैसे कर्जाऊ असतात. त्यामुळे सौरविजेचा दर जितका उन्हावर अवलंबून, तितकाच किंवा त्याहून अधिक व्याजावर. बँक कमी व्याज कधी लावते? पैसे बुडण्याची भीती कमी असेल तेव्हा. भारताच्या योजनेचे खरे कसब इथे आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या सोलर एनर्जी कॉर्पोरेशनने, म्हणजे ‘सेकी’ने, मध्यस्थ होऊन पंचवीस वर्षांचे खरेदी करार केले. त्यामुळे प्रकल्प उभारणाऱ्याला दिवाळखोरीच्या काठावरच्या वितरण कंपनीच्या दारात बिलासाठी उभे राहावे लागले नाही. सौर उद्यानांत जमीन आणि वाहिनी तयार मिळू लागली. दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचे शुल्क बरीच वर्षे माफ राहिले.

कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात पावगडा इथे तर जमीन विकतही घेतली नाही. सततच्या दुष्काळी भागातली सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून भाड्याने घेतली, वर्षाला एकरी २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी वाढ. सातबारा (तिकडच्या भाषेत पहाणी) शेतकऱ्याच्याच नावावर राहिला. २,०५० मेगावॅटचे उद्यान उभे राहिले. ज्यांची जमीन होती त्यांना उत्पन्न मिळाले. ज्यांना फक्त तिच्यावर मजुरी मिळत होती त्यांचे काय, हा प्रश्न तिथल्या करारात नव्हता, आणि अजूनही बहुतेक करारांत नसतो.

सौरऊर्जेला लाभलेले उलट्या लिलावाचे औषध पवनऊर्जेला मात्र बाधले. वाऱ्याच्या विजेला आधी राज्ये ठरावीक दर देत. साताऱ्यातले चाळकेवाडीचे पठार, पाटणजवळचे वनकुसवडे, धुळ्यातल्या साक्री तालुक्याचा माळ इथल्या पवनचक्क्या त्या काळातल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये पवनऊर्जेचाही उलटा लिलाव झाला, दर ३ रुपये ४६ पैशांवर आला आणि वर्षअखेरीस गुजरातमध्ये २ रुपये ४३ पैशांवर. कागदावर फारच छान. पण २०१६-१७ मध्ये देशात साडेपाच हजार मेगावॅटच्या आसपास पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षी तो आकडा दोन हजारांच्या खाली घसरला. ऊन राजस्थानभर सारखेच असते, वारा मोजक्या डोंगरमाथ्यांवर आणि किनाऱ्यांवर चांगला असतो. स्वस्त बोलीच्या नादात सगळे गुजरात आणि तमिळनाडूतल्या त्याच ठिकाणांमागे लागले. जमीन मिळेना, वाहिनी मिळेना आणि पडलेल्या दरात पैसे सुटेनात. सरकारच्या वीजधोरणातली ही मोठी चूक होती असे माझे मत आहे. तिची किंमत अजूनही चुकती होते आहे, कारण वारा संध्याकाळी आणि पावसाळ्यात वाहतो, म्हणजे नेमका सौरपॅनेल निरुपयोगी असतात तेव्हा.

२०१५ मध्ये २०,००० च्या जागी १,००,००० मेगावॅट सौरऊर्जेचे उद्दिष्ट आले. पवन ६०,०००, जैविक १०,०००, लघुजलविद्युत ५,००० असे मिळून १७५ गिगावॅट, मुदत तीच, २०२२. त्या वर्षाच्या अखेरीस झाले सुमारे १२० गिगावॅट. मोठ्या उद्यानांनी बऱ्यापैकी साथ दिली. सपशेल फसले ते छतावरचे सौर. ४०,००० मेगावॅट ठरले होते, पाचवा हिस्साही झाला नाही. याचे कारण तांत्रिक नाही. ज्याच्याकडे चांगले पक्के छत आहे, तो सहसा महिन्याला तीनशे-चारशे युनिट वापरणारा, चढ्या दराने बिल भरणारा ग्राहक असतो. त्याच्या बिलातून शेतीची आणि गरिबाची सवलत निघते. असा ग्राहक आपणहून सोडायला कुठली वितरण कंपनी उत्साहाने फॉर्म पुढे करील? नेटमीटर (छतावरची जादा वीज बिलातून वळती करणारा मीटर) मिळायला महिनोन्महिने लागत त्यामागे हे साधे गणित होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊन आणि अर्ज थेट राष्ट्रीय पोर्टलवर घेऊन त्यातून वाट काढली. एक कोटी घरांचे लक्ष्य आहे आणि या वेळी चाल खरोखर वाढली आहे.

मधल्या काळात आकडा पुन्हा वाढला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेची घोषणा केली. त्या भाषणात आणखी एक वाक्य होते: २०३० पर्यंत देशाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी निम्मी गरज नवीकरणीय स्रोतांतून भागवू. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे अधिकृत वचन गेले तेव्हा ते झाले, विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता. वचन देताना सावधपणा बाळगणे गैर नाही. मात्र या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मंगल कार्यालयाची बसण्याची क्षमता हजाराची असली म्हणून तिथे रोज हजार पाने उठत नाहीत. तसेच विजेचे. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाकाठी साधारण सोळा-सतरा लाख युनिट देतो. चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला असता तर दिले असते, त्याच्या हे जेमतेम पाचवा हिस्सा. कोळशाचा संच वर्षभरात क्षमतेच्या साठ-सत्तर टक्के वीज सहज देतो. जून २०२५ अखेर देशाची एकूण क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट झाली आणि त्यात बिगर-जीवाश्म २४३ गिगावॅट भरली. निम्म्याचे वचन मुदतीच्या पाच वर्षे आधी पुरे! पण तुमच्याआमच्या घरात येणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. शिवाय त्या २४३ मध्ये अणुऊर्जा आहे आणि मोठी धरणेही आहेत. साठच्या दशकापासून वीज देणारी कोयना मार्च २०१९ च्या निर्णयानंतर नवीकरणीयांच्या रकान्यात गेली. पाणी तेच, टर्बाइन तेच, फक्त रकाना बदलला.

आता अडचण कुठे आहे, ते समजायला विजेचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ग्रीडमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी जितकी लागते, त्याच क्षणी तितकी तयार व्हावी लागते. हा तोल बिघडला की वारंवारिता ५० हर्ट्झवरून ढळते आणि फारच ढळली तर सगळे कोसळते. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्येची ग्रीड एकदम बंद पडली आणि साठ कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. दक्षिण भारत वाचला, कारण त्याची ग्रीड तेव्हा उरलेल्या देशाशी समकालिक जोडलेली नव्हती. ती जोडणी ३१ डिसेंबर २०१३ रोजी झाली, रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने. सोलापूरकरांना याचा अभिमान असायला हरकत नाही: देशाची एकच ग्रीड झाली ती त्यांच्या शिवारातून. राजस्थानच्या वाळवंटातले ऊन तमिळनाडूतल्या गिरणीपर्यंत पोहोचवायची कल्पना या जोडणीशिवाय बोलताही आली नसती.

३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटच्या विक्रमी पातळीवर गेली. वेळ दुपारची होती, ऊन रणरणत होते आणि सौर प्रकल्प जोरात चालले होते. ग्रीडने तो दिवस निभावला. जीव टांगणीला लागतो तो सूर्य मावळल्यावर. साडेपाच ते साडेसात या दोन तासांत सौरवीज शून्यावर येते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी, मिक्सर सुरू होतात. हा खड्डा भरायला कोळशाचे संच लागतात. पण कोळशाचा संच बटण दाबले की बंद आणि दाबले की सुरू असा नसतो. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापवायला कित्येक तास जातात. म्हणून तो दिवसाही मंद आचेवर चालू ठेवावा लागतो. २०२३ च्या नियमांनुसार संचांना क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली येता आले पाहिजे. असे वरखाली करताना यंत्रे लवकर झिजतात, कोळसा जास्त जळतो. म्हणजे दुपारी स्वस्त सौरवीज मिळते, पण संध्याकाळच्या हमीसाठी कोळशाचा खर्चही अंगावर राहतोच. सरकार एकीकडे ५०० गिगावॅटची घोषणा करते आणि दुसरीकडे २०३२ पर्यंत आणखी ८० गिगावॅट कोळशाची तयारी ठेवते. यात ढोंग आहे, असे परदेशी टीकाकार म्हणतात. मला मात्र त्यात ढोंगापेक्षा संध्याकाळची भीती दिसते.

त्याआधी वीज शहरापर्यंत आणायची आहे. कच्छमधल्या खावडा इथे ७२,६०० हेक्टर ओसाड जमिनीवर ३० गिगावॅटचे सौर-पवन संकरित उद्यान उभे राहते आहे. पॅनेल दीड-दोन वर्षांत बसतात. ७६५ किलोव्होल्टची वाहिनी टाकायला तीन-चार वर्षे सहज लागतात, कारण शेकडो गावांच्या शेतांतून मनोरे न्यायचे असतात आणि प्रत्येक मनोऱ्यापाशी मोबदल्याचा वाद उभा असतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये ५०० गिगावॅटसाठी पारेषणाचा आराखडा काढला: सुमारे ५१,००० सर्किट किलोमीटर आणि २ लाख ४४ हजार कोटी रुपये. तरीही २०२५ मध्ये राजस्थानात काही प्रकल्पांना भर दुपारी उत्पादन कमी करावे लागले, कारण तयार वीज नेणारी वाहिनीच पुरी झालेली नव्हती.

राजस्थानात आणखी एक अडचण उडते. माळढोक पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो वजनाने जड. तारांना धडकून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या वाहिन्या जमिनीखालून न्यायला सांगितले. मार्च २०२४ मध्ये, ते सगळीकडे शक्य नाही असे मानून, तज्ज्ञ समितीकडे सोपवले. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये एके काळी माळढोकासाठीच अभयारण्य केले होते. आता तिथे तो दिसला तर बातमी होते. स्वच्छ विजेची किंमत कोण मोजतो, या प्रश्नाचे एक उत्तर पंखांचे आहे.

मग साठवण. त्यासाठी मराठीत एक चांगला शब्द रूढ आहे, उदंचन, आणि त्याचा नमुना सह्याद्रीतच आहे. अकोले तालुक्यात घाटघरला वर एक जलाशय, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरा. जादा वीज असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, लागेल तेव्हा तेच पाणी सोडून २५० मेगावॅट वीज करायची. चढवायला जितकी वीज लागते तिच्या साधारण तीन-चतुर्थांश परत मिळते. हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. एवढा उभा कडा फार थोड्या राज्यांच्या वाट्याला आला आहे. म्हणूनच गेल्या दोन-तीन वर्षांत पश्चिम घाटात उदंचन प्रकल्पांसाठी कंपन्यांची रांग लागली आहे. त्यातले किती जंगल परवानगीच्या दारातून पार होतील ते बघावे लागेल, आणि काही तिथे अडावेत हेच बरे.

बॅटरीचा वेग मात्र कुणाच्या अंदाजात नव्हता. २०२२ मध्ये सेकीच्या पहिल्या मोठ्या निविदेत बॅटरीचे भाडे आले महिन्याला मेगावॅटमागे १० लाख ८४ हजार रुपये. २०२५ च्या सुरुवातीला राज्यांच्या निविदांत तेच भाडे सव्वादोन लाखांच्या आसपास उतरले. काहींना केंद्राचे अनुदान होते हे धरूनही ही घसरण सौरपॅनेलच्या घसरणीहून वेगवान आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्युत प्राधिकरणाने सुचवले की यापुढे सौर निविदांत क्षमतेच्या किमान दहा टक्के इतकी, दोन तासांची साठवण सोबत असावी. ही सूचना पाच वर्षे आधी यायला हवी होती.

माझ्या मते या सगळ्या योजनेतली सर्वात शहाणी कल्पना साठवणुकीची नाहीच. ती मागणीची वेळ हलवण्याची आहे, आणि तिचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात चालू आहे. आपल्याकडे ४५ लाखांच्या घरात कृषिपंप आहेत. त्यांना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला साप, विंचू आणि आता बिबट्या यांचा सामना करावा लागतो. हे सांगायला कुठला अहवाल लागत नाही. पिकाला पाणी सकाळी अकराला दिले काय आणि रात्री अकराला दिले काय, पिकाची तक्रार नसते. मग रात्रीची पाळी हवीच कशाला?

त्यासाठी राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली. २०२३ मध्ये केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेचा आधार घेऊन तिचा दुसरा टप्पा आला, एकूण लक्ष्य १६,००० मेगावॅट. उपकेंद्रापासून जवळच्या जमिनीवर काही मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि त्या भागातल्या शेतीच्या वाहिन्या दिवसा त्याच्यावर चालवायच्या. वीज सुमारे तीन रुपये युनिटने मिळते, लांबच्या पारेषणाचा खर्च आणि गळती टळते. खासगी जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, दरवर्षी तीन टक्के वाढ. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, अवघा ३ मेगावॅटचा. खावड्याच्या तुलनेत तो नकाशावर ठिपकाही नाही. पण त्याला बॅटरी लागत नाही, ७६५ किलोव्होल्टचे मनोरे लागत नाहीत, आणि संध्याकाळी सातला तो ग्रीडकडे काही मागत नाही.

त्यातही खडे आहेत. गायरान प्रकल्पासाठी दिले की गुरे कुठे चारायची, म्हणून काही गावांनी विरोध केला आहे. दिवसा फुकट आणि भरपूर वीज मिळाली की विहीर आणि बोअर अधिक खोल जातात, ही भीतीही खरी आहे. वीज मोजायला मीटर आहे, भूजल मोजायला अजून कुणी तयार नाही.

शहरातल्या ग्राहकासाठी हेच तत्त्व दराच्या रूपाने येते आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत दिवसाच्या सौर तासांत दर किमान वीस टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे. वॉशिंग मशीन, गिझर, पिठाची चक्की, स्कूटरचे चार्जिंग यांतले बरेचसे दुपारी हलू शकते, फक्त मीटर वेळेनुसार मोजणारे हवे. स्मार्ट मीटरला गावोगावी विरोध होतो, आणि ज्या तऱ्हेने ते लोकांना न विचारता बसवले गेले ते पाहता तो विरोध समजण्यासारखा आहे. पण वेळेचा दर त्याच्याशिवाय देता येत नाही हेही तितकेच खरे.

आणि शेवटी गिऱ्हाईक. लिलाव होऊन गेलेल्या सुमारे ४० गिगावॅट प्रकल्पांना २०२५ मध्येही वीज विकत घेणारे राज्यच मिळालेले नव्हते. राज्ये म्हणतात, दुपारची वीज आता आमच्याकडे पुरेशी आहे, संध्याकाळची द्या. कायद्याने त्यांना २०२९-३० पर्यंत आपल्या विजेपैकी ४३.३३ टक्के नवीकरणीय घ्यायची आहे. पण दंडाची भीती आजवर कुठल्या राज्याला फारशी वाटलेली नाही.

पाचशेचा आकडा २०३० पर्यंत किंवा वर्ष-दोन वर्षांच्या उशिराने गाठला जाईल, असे आजचा वेग पाहता वाटते. नुसते पॅनेल लावणे आता सर्वात सोपे काम राहिले आहे. यापुढे लिलावाची बातमी वाचाल तेव्हा मेगावॅट किती आणि दर किती एवढ्यावर थांबू नका. ही वीज कोणत्या तासांना मिळणार आहे आणि ती विकत घेण्याचा करार कुणी केला आहे, ते बातमीत शोधा. सापडले नाही, तर तो प्रकल्प अजून कागदावरच आहे असे समजा.